रस्त्याचा चढ आणि रेषेचा चढ

या वेळी आलेल्या पत्रांत गतीच्या आलेखांविषयीचे प्रश्न इतके आहेत की बाकीचे विषय पुढच्या अंकासाठी राखून ठेवले आहेत. नववीत गतीचे प्रकरण वर्षाच्या सुरुवातीलाच येते, त्यामुळे पालकांची आणि विद्यार्थ्यांची पत्रे येणार हे अपेक्षितच होते. परंतु एक पत्र रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात नोकरी केलेल्या गृहस्थांचे आहे आणि एक घाटात धावणाऱ्या हौशी धावपटूचे. जागेअभावी पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझ्या नववीतल्या मुलाला चाचणीत असा प्रश्न होता : ‘एक सायकलस्वार टेकडी चढतो, माथ्यावर थोडा वेळ थांबतो आणि पलीकडच्या बाजूने उतरतो. त्याच्या प्रवासाचा अंतर-काल आलेख काढा.’ मुलाने आधी वर जाणारी रेषा, मग थोडी आडवी रेषा आणि शेवटी खाली येणारी रेषा काढली. त्याला शून्य गुण मिळाले. मला तर ती आकृती बरोबर वाटते. चूक नेमकी कोठे आहे? (एक पालक, कराड)

उत्तर : आपल्या मुलाने आलेखाऐवजी टेकडीचे चित्र काढले. ही चूक एकट्या त्याची नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात लिलियन मॅकडरमॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना आलेख वाचताना येणाऱ्या अडचणींचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध केला, त्यात विद्यापीठात पोहोचलेले विद्यार्थीसुद्धा रस्त्याचा आकार आणि आलेखाचा आकार यांची गल्लत करताना आढळले आहेत.

प्रश्नाला आकडे देऊन पाहू. समजा, चढाचा रस्ता २ किलोमीटरचा आहे आणि तो चढायला सायकलस्वाराला २० मिनिटे लागली; म्हणजे त्याची चाल ताशी ६ किलोमीटर झाली. माथ्यावर तो १० मिनिटे थांबला. पलीकडचा उतारही २ किलोमीटरचाच, पण तो ५ मिनिटांत, म्हणजे ताशी २४ किलोमीटर चालीने उतरला. उभ्या अक्षावर ‘कापलेले अंतर’ आहे, आणि कापलेले अंतर कधीच कमी होत नाही. तेव्हा रेषा शून्यापासून निघून २० व्या मिनिटाला २ किलोमीटरपर्यंत चढेल, ३० व्या मिनिटापर्यंत आडवी राहील आणि त्यानंतर आणखी वर जाऊन ३५ व्या मिनिटाला ४ किलोमीटरवर पोहोचेल. टेकडी उतरत असतानाच रेषा सर्वांत उभी चढलेली दिसेल.

येथे आपली भाषाही थोडा घोळ घालते. गणिताच्या पुस्तकात रेषेच्या तिरकेपणाला ‘चढ’ म्हणतात, आणि घाटातल्या रस्त्यालाही आपण ‘चढ’च म्हणतो. शब्द एकच, पण या उदाहरणात दोघांचे वागणे अगदी उलट आहे : जेथे रस्त्याचा चढ आहे तेथे सायकल हळू चालते, म्हणून रेषेचा चढ कमी, जेथे रस्ता उतरतो तेथे सायकल पळते, म्हणून रेषेचा चढ जास्त. ‘रेषेचा चढ’ म्हणजे दर मिनिटाला किती अंतर कापले, एवढेच. रस्ता वर जातो की खाली, हे त्या आलेखाला ठाऊकच नसते.

यात आणखी एक मेख आहे, आणि ती मुलापेक्षा शिक्षकांनी लक्षात घ्यावी अशी आहे. प्रश्न थोडा बदलून ‘सायकलस्वार माथ्यावरून त्याच रस्त्याने घरी परत येतो’ असा केला आणि उभ्या अक्षावर ‘घरापासूनचे अंतर’ घेतले, तर रेषा खरोखरच वर जाईल, आडवी होईल आणि खाली येईल. म्हणजे टेकडीचे चित्र काढणाऱ्या मुलालाही पूर्ण गुण मिळून जातील आणि त्याची गल्लत कोणाच्या लक्षातही येणार नाही. अशा वेळी त्या मुलाला चाल-काल आलेख काढायला सांगावा. बरोबर आलेखात पहिली २० मिनिटे रेषा ६ वर आडवी, मग १० मिनिटे शून्यावर आडवी आणि शेवटची ५ मिनिटे २४ वर आडवी असेल. ज्याने पुन्हा टेकडी काढली, त्याचे चित्र अजून डोळ्यांसमोरून हटलेले नाही असे समजावे.

घरी करता येईल असा एक उपाय सुचवतो. घरात किंवा शाळेच्या व्हरांड्यात फरश्या असतील तर फरशी हेच मोजमाप धरावे. एकाने संथपणे टाळ्या वाजवाव्यात, मुलाने चालावे आणि तिसऱ्याने प्रत्येक टाळीला तो कितव्या फरशीवर आहे ते लिहून घ्यावे. त्या आकड्यांवरून आलेख काढून झाला की खेळ उलटा करावा : आलेख आधी काढावा आणि तो मुलाने चालून दाखवावा. मी वर्गात हे अनेक वर्षे करून घेतले. एकदा फळ्यावर वेग-काल आलेख काढला होता : आधी दर टाळीला २ फरश्या असा एकसमान वेग, आणि नंतर अक्षाखाली गेलेली रेषा. चालायला आलेला मुलगा पहिल्या टाळीलाच जागेवर खिळून राहिला, कारण ‘रेषा आडवी आहे, म्हणजे थांबायचे’. त्याला बसवून दुसऱ्याला उठवले. तो पहिला भाग छान चालला, परंतु रेषा अक्षाखाली गेल्याबरोबर गुडघ्यांत वाकून, बुटका होऊन पुढेच चालू लागला. वर्ग हसला, मीही हसलो. पण त्या दोघांनी मिळून सगळी अडचण दाखवून दिली होती. पहिला मुलगा वेगाचा आलेख अंतराचा समजून वाचत होता आणि दुसरा आलेख हेच चित्र समजत होता. अक्षाखालची रेषा म्हणजे उलट दिशेने चालणे, हे त्या मुलाला मागे वळून चार पावले टाकल्यावर जे समजले ते माझ्या दोन तासांच्या व्याख्यानाने समजले नसते.

प्रश्न : मी अकरावी विज्ञान शाखेत शिकतो. चेंडू सरळ वर फेकला तर सर्वोच्च बिंदूवर त्याचा वेग शून्य असतो, तरी तेथे त्वरण शून्य नसते, असे आमचे सर सांगतात. जो चेंडू थांबला आहे त्याला त्वरण कसे? आणि खाली येताना चेंडूचा वेग वाढतो, तरी त्वरण ऋणच कसे राहते? (एक विद्यार्थी, लातूर)

उत्तर : तुझे दोन्ही प्रश्न एकाच रेषेने सुटतात. वरची दिशा धन मानू. हवेचा विरोध सोडून देऊ आणि चेंडू सेकंदाला १९.६ मीटर वेगाने वर फेकला असे धरू. गुरुत्वामुळे त्याचा वेग दर सेकंदाला ९.८ ने घटत जातो. म्हणून १ सेकंदाने वेग ९.८, २ सेकंदांनी शून्य, ३ सेकंदांनी उणे ९.८ आणि हातात परत येताना, ४ सेकंदांनी, उणे १९.६. हे पाच बिंदू आलेख-कागदावर मांडून पट्टीने जोड. डावीकडे वरून निघून उजवीकडे खाली जाणारी एकच सरळ रेषा मिळते. ती वेळेच्या अक्षाला २ सेकंदांपाशी छेदते आणि कोठेही न मोडता, न वाकता खाली निघून जाते.

वेग-काल आलेखात त्वरण म्हणजे रेषेचा चढ, रेषेची उंची नव्हे. सर्वोच्च बिंदूवर रेषेची उंची शून्य आहे. चढ मात्र आधी होता तोच आहे. आकड्यांत हवे असेल तर १.९ सेकंदाला वेग ०.९८ आहे आणि २.१ सेकंदाला उणे ०.९८. या ०.२ सेकंदात वेग १.९६ ने घटला; भागाकार कर, उणे ९.८ येते. माथ्यावर त्वरण खरोखर शून्य झाले असते तर काय झाले असते, हेही आलेखावरच पाहा. २ सेकंदांनंतर रेषा वेळेच्या अक्षावरून आडवी सरकत गेली असती, म्हणजे चेंडू १९.६ मीटर उंचीवर टांगल्यासारखा तसाच राहिला असता. ‘थांबला’ हा शब्दच येथे घात करतो. चेंडू माथ्यावर मुक्काम करत नाही. त्याचा वेग शून्यातून फक्त पुढे जातो, तारीख मध्यरात्री बदलते तसा.

आता ऋण त्वरणाविषयी. ‘त्वरण’ हा शब्द ‘त्वरा’ या शब्दाच्या घरातला असल्यामुळे त्वरण म्हणजे घाई, जास्त त्वरण म्हणजे जास्त वेग आणि ऋण त्वरण म्हणजे वेग कमी होणे, अशी साखळी मनात नकळत तयार होते. भौतिकशास्त्रातील त्वरण म्हणजे वेग-बदलाचा दर, आणि त्याचे चिन्ह फक्त दिशा सांगते. खाली येताना चेंडूचा वेगही ऋण आणि त्वरणही ऋण. दोघांची चिन्हे सारखी असल्यामुळे चाल, म्हणजे दिशा सोडून उरलेला वेगाचा आकडा, वाढते. वर जाताना वेग धन आणि त्वरण ऋण. चिन्हे विरुद्ध असल्यामुळे चाल कमी होते, आणि मंदन म्हणायचे ते याला. खात्री हवी असेल तर खालची दिशा धन मानून सगळी चिन्हे उलटी करून पाहा. आता त्वरण पूर्ण वेळ अधिक ९.८ आहे, तरीही वर जाणारा चेंडू मंदावतोच. चेंडूला आपण कोणती दिशा धन मानली याच्याशी काही देणेघेणे नाही.

तू उंची-काल आलेखही काढला असशीलच. त्यात १ सेकंदाला १४.७ मीटर, २ सेकंदांना १९.६ मीटर आणि ३ सेकंदांना पुन्हा १४.७ मीटर, असा कमानीसारखा वक्र मिळतो. ही कमान चेंडूचा मार्ग नाही. चेंडू ज्या उभ्या रेषेत गेला त्याच रेषेत परत आला. कमान दिसते ती आपण वेळ उजवीकडे पसरली म्हणून. परीक्षेत ‘चेंडूचा मार्ग कसा आहे?’ असे विचारले की कित्येक चांगली मुले या कमानीकडे पाहून ‘अन्वस्त’ लिहून येतात.

प्रश्न : मी रेल्वेत सेक्शन कंट्रोलर होतो. नात नववीत आहे. तिच्या पुस्तकातील अंतर-काल आलेख पाहिला आणि हा तर आपला कंट्रोल चार्ट, असे वाटले. आम्ही तो वर्षानुवर्षे हाताने काढला, पण त्याला कोणी भौतिकशास्त्र म्हटल्याचे आठवत नाही. माझे म्हणणे बरोबर आहे का? (एक निवृत्त कर्मचारी, भुसावळ)

उत्तर : अगदी बरोबर आहे, आणि मी तर म्हणेन की नातीला शिकवायला आपल्याइतका योग्य माणूस मिळणे कठीण. ज्या वाचकांनी हा चार्ट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो : कागदावर आडवी वेळ असते आणि उभ्या बाजूला सेक्शनमधील स्टेशने एकमेकांपासूनच्या अंतरानुसार मांडलेली असतात. प्रत्येक स्टेशनाच्या नावापासून एक आडवी रेघ निघते. स्टेशन मास्तर फोनवरून गाडी आल्याची, सुटल्याची किंवा थेट निघून गेल्याची वेळ कळवतो आणि कंट्रोलर त्या त्या ठिकाणी बिंदू मांडून रेघ ओढत जातो. आता हे काम बऱ्याच अंशी संगणकावर गेले आहे, पण चित्र तेच आहे. रेघ जितकी उभी तितकी गाडी वेगवान. गाडी उभी असेल तेवढा वेळ रेघ आडवी. अप गाड्यांच्या रेघा एका बाजूला कललेल्या आणि डाउन, म्हणजे उलट दिशेने जाणाऱ्या, गाड्यांच्या दुसऱ्या.

पाठ्यपुस्तकातील आलेख आणि हा चार्ट यांत फरक आहे तो एवढाच की चार्टवरची चूक महागात पडते. एकेरी मार्ग घ्या. अ आणि ब ही स्टेशने ६० किलोमीटर अंतरावर आहेत. सकाळी १० वाजता अ कडून ताशी ६० किलोमीटरने मेल निघाली आणि त्याच वेळी ब कडून ताशी ४० किलोमीटरने मालगाडी. दोन रेघा ओढल्या तर त्या १० वाजून ३६ मिनिटांनी, अ पासून ३६ किलोमीटरवर एकमेकींना छेदतात. तेथे स्टेशन नसेल, तर तो छेदनबिंदू म्हणजे समोरासमोरची टक्कर. म्हणून कंट्रोलरला छेदनबिंदू उचलून एखाद्या स्टेशनाच्या रेघेवर, म्हणजे जेथे लूप लाइन (गाडी बाजूला घेऊन उभी करण्याचा जादा रूळ) आहे तेथे, नेऊन ठेवावा लागतो. समजा, अ पासून ३० किलोमीटरवर एक स्टेशन आहे आणि ४० किलोमीटरवर दुसरे. पहिल्या स्टेशनावर क्रॉसिंग घेतले तर मेल साडेदहाला येऊन मालगाडीसाठी १५ मिनिटे खोळंबते, कारण मालगाडी तेथे पावणेअकराला पोहोचते. दुसऱ्यावर घेतले तर मालगाडी साडेदहाला लूपमध्ये शिरते आणि मेल १० वाजून ४० मिनिटांनी पलीकडून निघून जाते. मालगाडीच्या रेघेत १० मिनिटांचा आडवा तुकडा येतो आणि मेलची रेघ सरळ राहते. कोकण रेल्वेचा बहुतेक मार्ग एकेरी असल्यामुळे ‘क्रॉसिंगला थांबली आहे’ हे वाक्य तेथील प्रवाशांच्या पाठ झालेले असते. खिडकीतून पाहणाऱ्याला जो नुसता खोळंबा वाटतो तो चार्टवर दोन रेघांच्या गाठीचा हिशेब असतो.

आपल्या पत्रामुळे कसारा घाट आठवला. कसारा ते इगतपुरी हा चढ ३७ फुटांना १ फूट असा आहे आणि गाडीला मागून जोर देण्यासाठी बँकर इंजिने लावावी लागतात. ती लावण्यासाठी गाडी कसाऱ्याला थांबते तेथे चार्टवर आडवा तुकडा, आणि पुढे घाटात गाडी संथ चढते म्हणून रेघ मंद तिरकी. कराडच्या पालकांना जे सायकलीच्या उदाहरणाने सांगितले तेच हे : डोंगर सर्वांत उभा, तेथे रेघ सर्वांत आडवी.

चार्टवरच्या रेघांना जे टोकदार कोपरे असतात ते मात्र खऱ्या गाडीच्या गतीत नसतात. आडव्या रेघेतून एकदम तिरकी रेघ निघणे म्हणजे क्षणार्धात पूर्ण वेग घेणे, आणि ते कोणत्याही इंजिनाला शक्य नाही. प्रत्यक्षात तेथे एक गोलसर वळण असते. पूर्ण दिवस मावेल अशा कागदावर ते दोन-तीन मिनिटांचे वळण दिसत नाही इतकेच. नातीला हा कोपरा दाखवून ‘येथे त्वरण किती?’ असे जरूर विचारा. आणि रुळांवरील गाड्यांचे असे आलेख जुनेच आहेत. एतिएन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या आलेखपद्धतीवरील पुस्तकात पॅरिस ते ल्योन मार्गावरील गाड्यांचा असा आलेख १९ व्या शतकातच छापला गेला होता.

प्रश्न : वेग-काल आलेखाखालील क्षेत्रफळ म्हणजे विस्थापन, असे शिकवताना एका मुलीने विचारले, ‘क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असते, मग उत्तर नुसते मीटरमध्ये कसे?’ मी सूत्र सांगून वेळ मारून नेली. नीट उत्तर काय द्यावे? (एक शिक्षिका, सांगोला)

उत्तर : त्या मुलीला माझ्यातर्फे शाबासकी द्या. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये येते ते दोन्ही बाजू मीटरमध्ये मोजल्या असतील तेव्हा. आलेखात एक बाजू सेकंदांची आहे आणि दुसरी ‘सेकंदाला इतके मीटर’ अशी आहे. दोहोंचा गुणाकार केला की सेकंद उडतात आणि मीटर उरतात. हे शब्दांत सांगून भागत नाही, चौकटी मोजून दाखवावे लागते.

थांब्यावरून सुटलेली एसटी घ्या. पहिल्या २० सेकंदांत तिचा वेग शून्यापासून सेकंदाला १५ मीटरपर्यंत एकसारखा वाढला, पुढे ४० सेकंद तो तसाच राहिला आणि शेवटच्या १० सेकंदांत ब्रेक लावून ती थांबली. आलेख-कागदावर आडव्या अक्षावर १ सेंटिमीटर म्हणजे १० सेकंद आणि उभ्या अक्षावर १ सेंटिमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर, असे प्रमाण घ्या. आता मुलांना एकाच चौकटीवर बोट ठेवायला सांगा आणि विचारा, ही चौकट म्हणजे काय? सेकंदाला ५ मीटर वेगाने १० सेकंद चालणे. म्हणजे ५० मीटर. कागदावर ती १ चौरस सेंटिमीटर आहे, पण तिचा अर्थ ५० मीटर आहे. मग चौकटी मोजा. डावीकडील त्रिकोणात ३, मधल्या आयतात १२, उजवीकडील त्रिकोणात दीड; एकूण साडेसोळा. साडेसोळा गुणिले ५० म्हणजे ८२५ मीटर. ताळा पाहायचा तर समलंब चौकोनाचे सूत्र आहेच : समांतर बाजू ७० व ४०, त्यांची सरासरी ५५, गुणिले १५, पुन्हा ८२५. अर्ध्या चौकटी जुळवताना मुले आपसांत भांडतात, ते भांडू द्यावे.

एक सावधगिरी. मुले हीच युक्ती उत्साहाने अंतर-काल आलेखावरही चालवतात. तेथे क्षेत्रफळाचे एकक मीटर गुणिले सेकंद असे येते आणि गतीच्या या प्राथमिक अभ्यासात त्याचा काही उपयोग नसतो. एकक लिहायची सवय असली की ही चूक आपोआप पकडली जाते.

वर्गात गोष्ट सांगायला आवडत असेल तर हेही सांगता येईल. १४ व्या शतकात ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातील पंडितांनी असे मांडले होते की एकसमान त्वरणाने जाणारी वस्तू जेवढे अंतर कापते तेवढेच अंतर ती निम्म्या वेळेला असलेल्या वेगाने, एकसमान गतीने जाऊनही तेवढ्याच वेळात कापेल. त्याच शतकात फ्रान्समधील निकोल ओरेम याने याची आकृती काढली : आडव्या रेषेवर वेळ, तिच्यावर ठिकठिकाणी उभ्या केलेल्या रेघा म्हणजे त्या त्या क्षणीचा वेग. एकसमान त्वरणाला त्रिकोण, एकसमान वेगाला आयत, आणि त्रिकोणाचे वरचे टोक कापून आयताच्या रिकाम्या कोपऱ्यात बरोबर बसते. अक्षांच्या पद्धतीचा पाया घालणारी, देकार्त या फ्रेंच गणितज्ञाची ‘भूमिती’ १६३७ साली आणि गॅलिलिओचा गतीवरील ग्रंथ १६३८ साली आला. गॅलिलिओने एकसमान त्वरणासाठी जवळजवळ हीच आकृती वापरली. म्हणजे आपण ज्याला अक्षांची पद्धत म्हणतो ती रूढ होण्याच्या सुमारे पावणेतीनशे वर्षे आधी एका माणसाने क्षेत्रफळातून अंतर वाचले होते. एसटीचा पहिला त्रिकोण कापून हा प्रयोग कात्रीने करता येतो : २० सेकंदांचा आणि १५ उंचीचा त्रिकोण कापून जोडला की २० सेकंदांचा आणि साडेसात उंचीचा आयत होतो. दोन्हींचे उत्तर १५० मीटर.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या सराव-प्रश्नात दोन गाड्यांच्या वेग-काल रेषा एका बिंदूत छेदतात असे दाखवले होते. ‘त्या क्षणी गाड्या एकमेकींना गाठतात’ हा पर्याय मी निवडला, तो चुकला. का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : उभ्या अक्षावर ‘वेग’ लिहिलेले होते म्हणून. ज्याच्या रेषा छेदतात तेच समान असते : अंतराच्या रेषा छेदल्या तर ठिकाण समान, वेगाच्या छेदल्या तर वेग समान. सिग्नल हिरवा झाला त्याच क्षणी एक रिक्षा सेकंदाला १० मीटर अशा स्थिर वेगाने तेथून पुढे गेली आणि थांबलेली मोटारसायकल २ मीटर प्रतिसेकंद वर्ग त्वरणाने निघाली असे धरा. वेगाच्या रेषा ५ व्या सेकंदाला छेदतात. त्या वेळी रिक्षा ५० मीटर पुढे आहे आणि मोटारसायकल २५ मीटर. गाठणे तर दूरच, दोघांमधील अंतर सगळ्यांत जास्त असण्याचा तो क्षण आहे. त्याआधी रिक्षा वेगवान असल्यामुळे अंतर वाढत होते, त्यानंतर मोटारसायकल वेगवान झाल्यामुळे ते घटू लागते. गाठ पडते १० व्या सेकंदाला, १०० मीटरवर; तेव्हा मोटारसायकलचा वेग रिक्षाच्या दुप्पट असतो. आलेखात गाठ शोधायची तर दोन्ही रेषांखालील क्षेत्रफळे कधी सारखी होतात ते पाहावे लागते.

प्रश्न : मी साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातील अर्धमॅरेथॉनसाठी सराव करतो. फोनमधील अ‍ॅप धावून झाल्यावर ‘पेस’चा आलेख दाखवते. त्यात एका जागी मी बुटाची नाडी बांधायला आणि पाणी प्यायला पाच मिनिटे थांबलो होतो, तरी आडवी रेषा कोठेच दिसत नाही. अ‍ॅप चुकते आहे का? (एक धावपटू, सातारा)

उत्तर : बहुधा नाही. आडव्या अक्षावर काय लिहिले आहे ते पाहा. अशा अनेक अ‍ॅपमध्ये तेथे वेळेऐवजी अंतर घेतलेले असते, आणि आपण थांबलात तेव्हा अंतर जराही पुढे सरकले नाही. म्हणजे त्या पाच मिनिटांना आलेखात रुंदीच नाही. ती एका उभ्या खाचेत दडलेली असतील, किंवा अ‍ॅपने थांबलेला वेळ मोजलाच नसेल तर अजिबात दिसणार नाहीत. आडव्या अक्षावर वेळ निवडण्याची सोय असेल तर ती वापरून पाहा.

उभा अक्षही नेहमीचा नाही. पेस म्हणजे एका किलोमीटरला लागलेली मिनिटे, वेगाच्या बरोबर उलट. ६ मिनिटांचा पेस म्हणजे ताशी १० किलोमीटर, आणि ५ मिनिटांचा म्हणजे ताशी १२. आकडा लहान तितका धावपटू वेगवान. वेगवान धावणे वर दिसावे म्हणून काही अ‍ॅप हा अक्ष उलटा मांडतात, म्हणजे लहान आकडे वर आणि मोठे खाली. काही अ‍ॅप त्याच चित्रात मागे घाटाच्या उंचीची फिकट छायाही दाखवतात. तिला मात्र टेकडीचे चित्र म्हणायला हरकत नाही, कारण तेथे आडव्या अक्षावर अंतर आणि उभ्या अक्षावर खरोखरच उंची असते.

वेग-काल आलेखाच्या क्षेत्रफळातून जसे अंतर मिळते तसे येथे क्षेत्रफळातून वेळ मिळते, कारण ‘किलोमीटरला इतकी मिनिटे’ गुणिले किलोमीटर म्हणजे मिनिटे. पेस-अंतर आलेखात ६ मिनिटांची आडवी रेषा २१ किलोमीटरपर्यंत ओढली तर तिच्या आणि शून्याच्या रेषेच्या मधल्या आयताचे उत्तर १२६ येते, म्हणजे २ तास ६ मिनिटे. पुढच्या सरावात चढाचा आणि उताराचा भाग असा वेगवेगळा मोजून पाहा आणि बेरीज घड्याळातील वेळेशी ताडा. पाच मिनिटे कमी भरली, तर ती पाण्याच्या बाटलीपाशी सापडतील.